शेजार

आमच्या वाचकांपैकी ज्यांना चाकरीने गावोगाव फिरविले आहे, त्यांनी ‘लिटल फ्लॉवर’ या नावाच्या एखाद्या शाळेची फी केव्हा ना केव्हा भरली असण्याचा पुष्कळ संभव आहे. हैदराबादेस या नावाची शाळा आहे. केरळात तर या नावाच्या शाळा आणि प्रार्थनामंदिरे ठिकठिकाणी आढळतात. आमच्या दोन अपत्यांनी दोन निरनिराळ्या प्रांतांत दोन निरनिराळ्या ‘लिटल फ्लॉवर’मध्ये मुळाक्षरे गिरविली. बदली झाली की प्रथम क्वार्टर, मग दूधवाला आणि मग शाळा, या क्रमाने संसार मांडणाऱ्या माणसास शाळेच्या नावाचा अर्थ शोधण्याइतकी सवड कोठली? नाव गोजिरवाणे आहे, लहान मुलांना शोभण्यासारखे आहे, एवढ्यावर आम्ही समाधान मानले होते. ते ‘लहान फूल’ म्हणजे बागेतले फूल नसून एका फ्रेंच तरुणीने स्वतःस दिलेले नाव आहे, ही गोष्ट पुढे केरळातील एका शहरी, समोरच्या बिऱ्हाडातील भिंतीवरच्या तसबिरीमुळे आम्हांस समजली.

त्या तरुणीचे नाव तेरेज. तिचा जन्म १८७३ चा. नॉर्मंडीतील लिझ्यू या गावच्या कार्मेल पंथाच्या मठात ती १८८८ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी शिरली आणि ३० सप्टेंबर १८९७ रोजी क्षयाने तेथेच वारली. त्या वेळी ती अवघी चोवीस वर्षांची होती. तिने संस्था काढली नाही, अन्नछत्र घातले नाही, समुद्र ओलांडला नाही. असे असता १९२५ मध्ये रोमच्या धर्मपीठाने तिला संतपद दिले. १९२७ मध्ये, ज्यांचा देह गोव्यात जपून ठेवलेला आहे त्या फ्रान्सिस झेवियरांच्या जोडीने तिला धर्मप्रसारकांची आश्रयदात्री ठरविले. आणि १९९७ मध्ये, तोवर केवळ दोन स्त्रियांना मिळालेली धर्माचार्याची पदवीही तिला दिली. कलकत्त्याच्या मदर तेरेसांनी आपले नाव हिच्यावरूनच घेतले होते. मठातल्या वरिष्ठांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या तिच्या आठवणी तिच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, म्हणजे १८९८ मध्ये, पुस्तकरूपाने निघाल्या. प्रती काढल्या होत्या दोन हजार. पुढचा सारा मानमरातब त्या एका पुस्तकाने मिळविला.

वरिष्ठांच्या आज्ञेवरून लिहिलेला मजकूर सहसा कोणी दुसऱ्यांदा वाचीत नाही, हा आमचा चाळीस वर्षांचा अनुभव. म्हणून आम्ही ते पुस्तक इंग्रजी भाषांतरातून जरा साशंक मनानेच हाती घेतले. त्यातील भक्तीची भाषा आमच्यासारख्याला फार गोड वाटली, किंचित अधिकच गोड, हेही सांगून टाकतो. परंतु मृत्यूपूर्वी तीनचार महिने, जून १८९७ मध्ये, तिने जी पाने लिहिली त्यांत गोडवा संपतो आणि चाळीतल्या भिंतींसारखा ओळखीचा मजकूर सुरू होतो. वीसपंचवीस बायका, एक स्वयंपाकघर, एक धुण्याची जागा, एक प्रार्थनेची वेळ, आणि हे सारे मरेपर्यंत. नकोशा शेजाऱ्यावर आम्हां चाकरमान्यांपाशी बदली हा एक रामबाण उतारा असतो. मठात तो नव्हता.

प्रार्थनेच्या वेळी तिच्या मागे बसणारी एक जोगीण काही तरी चमत्कारिक बारीक आवाज सतत करी. इतरांच्या कानी तो पडत नसावा. तेरेजच्या मात्र अंगाला घाम फुटे. मागे वळून एक डोळा वटारला असता तर काम झाले असते. तो न वटारता तिने त्या आवाजाकडे जणू सुरेल वाद्य ऐकावे तसे लक्ष देण्याचे ठरविले. धुण्याच्या जागी समोरची बाई रुमाल आपटताना घाण पाण्याचे शिंतोडे हिच्या तोंडावर उडवी. तोंड पुसून मागे सरावे म्हणजे समोरचीला कळेल, हा शहाणपणा हिलाही सुचला आणि तो तिने टाळला. आणखी एक जोगीण अशी होती की तिचे बोलणे, चालणे, स्वभाव, काहीच हिला रुचत नसे. हिने काय करावे? तिच्यासाठी रोज प्रार्थना करावी, तिचे जे काम करता येईल ते करावे, आणि उलट उत्तर ओठांवर आले की हसून विषय बदलावा. तेही जमेनासे झाले म्हणजे रणांगणावरून शिपाई पळतो तशी ही तेथून पळ काढी, आणि तसे स्वच्छ लिहूनही ठेवी. संताने पळून जाण्यास इतकी प्रामाणिक मान्यता दिलेली आम्ही अन्यत्र वाचली नाही. अखेर त्या जोगिणीनेच एके दिवशी मोठ्या संतोषाने हिला विचारले की, माझ्यात तुला असे काय आवडते?

या प्रश्नावर कोणी हसेल, कोणी ढोंग म्हणेल. आम्हांसही प्रथम ते ढोंग वाटले. मनात नावड असताना मुखावर हसू ठेवणे यास आमच्या कार्यालयात शिष्टाचार म्हणतात, आणि त्याची किंमत सर्वांना ठाऊक असते. परंतु शिष्टाचाराचा हेतू स्वतःचा बचाव हा असतो. येथे त्या दुसऱ्या बाईचा दिवस बरा जावा एवढाच हेतू दिसतो. ख्रिस्ती शिकवणुकीत ‘प्रेम’ हा जो शब्द येतो त्याची गोम येथे आहे. मूळ ग्रीक शब्द ‘आगापे’. मराठी बायबलात त्यास ‘प्रीती’ म्हटले आहे, आणि नाटकांनी व पुढे बोलपटांनी त्या शब्दाचे जे केले ते केले. त्यामुळे शेजाऱ्यावर प्रीती करावी हे वाक्य आपल्या कानाला विचित्र लागते. आवड निर्माण करणे माणसाच्या हाती नसते; हात पुढे करणे मात्र असते, आणि आज्ञा झाली आहे ती याच गोष्टीची. आज्ञा करून आवड कोणास उत्पन्न करता येईल?

ही आज्ञा ख्रिस्तापेक्षा जुनी आहे. शेजाऱ्यावर आपल्यासारखे प्रेम करावे हे यहुद्यांच्या धर्मशास्त्रात पूर्वीपासून होते. एका शास्त्र्याने ख्रिस्तास विचारले की, माझा शेजारी म्हणजे नेमका कोण? प्रश्न अस्सल कचेरीतला आहे. कर्तव्य मान्य, परंतु हद्द कोठवर, हे आधी निश्चित होऊ द्या! त्यावर ती प्रसिद्ध गोष्ट सांगण्यात आली. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारा रस्ता, लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला वाटसरू, बाजूने निघून गेलेला याजक, तसाच निघून गेलेला लेवी, आणि थांबलेला शोमरोनी. यहुदी लोक ज्यांच्याशी संबंध ठेवीत नसत अशा जमातीचा माणूस. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर बसवून त्यास उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी मालकाच्या हातावर दोन दीनार ठेवले आणि अधिक खर्च झाल्यास परतताना देईन असे सांगून तो मार्गस्थ झाला. आमचा जन्म हिशेबाच्या कामात गेला असल्यामुळे आमची नजर या शेवटच्या वाक्यावर अडते. मर्यादा न घालता दिलेली खर्चाची मंजुरी! कोणताही हिशेबतपासनीस त्यावर आक्षेप काढील. गोष्ट संपल्यावर ख्रिस्ताने शास्त्र्याचा प्रश्न उलटा करून त्याच्याच पदरात घातला: शेजारी कोण आहे हे राहू दे, या तिघांपैकी शेजारी झाला कोण? दुसऱ्या एका ठिकाणी तो म्हणतो की, जे आपल्यावर प्रेम करतात त्यांच्यावर प्रेम करण्यात विशेष ते काय. तेवढे तर जकात वसूल करणारेही करतात. महसूल खात्यातील आमच्या स्नेह्यांनी राग मानू नये.

हिशेबाचा विषय निघालाच आहे म्हणून पौलाच्या पत्राचा उल्लेख करतो. इ. स. ५० नंतरच्या दशकात त्याने करिंथ या गजबजलेल्या व्यापारी शहरातील छोट्या मंडळीस एक पत्र लिहिले. त्यातील प्रीतीवरचे प्रकरण आज ख्रिस्ती विवाहप्रसंगी मोठ्या थाटाने वाचले जाते. परंतु ज्यांना ते लिहिले ते लोक नवरानवरी नव्हते. ते एकमेकांवर दावे लावणारे, गट पाडणारे, एकत्र जेवणाच्या वेळी गरिबांना उपाशी ठेवून स्वतः आधी जेवून घेणारे असे भांडखोर लोक होते. अशांना पौल सांगतो की प्रीती अपकाराची नोंद ठेवीत नाही. येथे जे क्रियापद त्याने योजिले आहे ते ग्रीक व्यवहारात जमाखर्च मांडण्यासाठी वापरीत. त्याने क्षमा हा मोठा शब्द उच्चारला नाही, फक्त खतावणी मिटावयास सांगितली.

मराठी वाचकास हा सारा विचार अगदीच परका नसावा. रेव्हरंड नारायण वामन टिळक नागपूरकडून राजनांदगावला नोकरीसाठी चालले असता आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, आणि १८९५ मध्ये त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० मध्ये. मधली वर्षे ‘स्मृतिचित्रे’त आहेत. १९३४ पासून भागाभागांनी निघालेल्या त्या पुस्तकात प्रेमावर प्रवचन शोधू गेल्यास निराशा होईल. त्यात दिसतो तो एक उदार, शीघ्रकोपी, वाटेल त्याला घरातले वाटेल ते देऊन टाकणारा कवी, आणि रात्रीच्या जेवणाचे काय याचा विचार करणारी त्याची बायको. साऱ्या जगावर प्रेम करणाऱ्या माणसाच्या घरी राहणे ही सोपी गोष्ट नव्हे, हे त्या बाईंनी विनोदाने आणि तक्रारीचा सूर न लावता लिहिले आहे. त्या दोघांपैकी शेजारधर्म कोणी अधिक पाळला, असा प्रश्न कोणी केल्यास आमचे मत लक्ष्मीबाईंना पडेल.

आता समोरच्या बिऱ्हाडाविषयी. १९९४ ते १९९८ या काळात आम्ही केरळात होतो आणि आमची आत्या आमच्याजवळ होती. आत्या वाईची, लहानपणीच विधवा झालेली. आम्हांस तिनेच वाढविले. तेव्हा ती ऐंशीच्या पुढे गेली होती. खुब्याचे हाड मोडल्यापासून तिला एकटीने उठता येत नसे. दिवसभर ती मागच्या खोलीत पडून असे, आणि सायंकाळी साडेपाच वाजले की तिला पुढच्या व्हरांड्यात नेऊन बसवावे लागे. तेथून माणसे दिसतात, असे तिचे म्हणणे. नेमकी हीच वेळ नळाला पाणी येण्याची. सौभाग्यवती पाणी भरण्यात गुंतलेल्या, मुले मैदानावर, आम्ही कचेरीत. आणि मागच्या खोलीतून आत्याची काठी जमिनीवर आपटू लागे.

समोरच्या बिऱ्हाडातील बाई सिरियन ख्रिश्चन होत्या, पन्नाशीच्या आतबाहेरच्या. काठीचा आवाज ऐकून एके दिवशी त्या आल्या आणि पुढे रोज येऊ लागल्या. त्यांना मराठी येत नव्हते, आत्याला मराठीवाचून काही येत नव्हते. आत्याने पहिल्या दिवशी सौभाग्यवतींना विचारले, “हिची जात कोणती?” सौभाग्यवतींनी सांगितले, “मलबारातली.” एवढ्याने तिचे समाधान झाले असे नाही, कित्येक दिवस ती व्हरांड्यातून आत आल्यावर लुगडे बदलायला लावीत असे. भरभर चालविले तर “पाडतेस की काय मला!” आणि सावकाश चालविले तर “हात सोडलास वाटते,” अशी तिची दुहेरी फिर्याद असे. बाईंना शब्द कळत नसले तरी सूर कळत असलाच पाहिजे. त्या तिला ‘अम्मच्ची’ म्हणत. त्यांच्यात म्हाताऱ्या बाईस तसे म्हणण्याची रीत आहे. आत्याला ते ‘आमची’ असे ऐकू येई. “मला आमची म्हणते ग ती,” हे तिने सौभाग्यवतींना दोन तीनदा सांगितले. लुगडे बदलणे केव्हा बंद झाले ते कोणाच्या ध्यानातही आले नाही. मुले बाईंना ‘चेची’ म्हणत, म्हणजे थोरली बहीण. ते त्यांचे नावच आहे असे समजून आत्याही, स्वतः तीस वर्षांनी मोठी असून, त्यांना चेची म्हणू लागली.

तसबीर आम्ही पाहिली ती त्यांच्याच घरी, १९९७ मध्ये. तेरेजला नवी पदवी मिळाल्याबद्दल त्या दिवशी तसबिरीपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या. मठातली एक म्हातारी, संधिवाताने वाकलेली जोगीण रोज सायंकाळी हातातील वाळूचे घड्याळ हलवून निघण्याची खूण करी. तेरेज तिच्या कमरेचा पट्टा मागून धरून तिला जेवणघराकडे नेई. वाटेत म्हातारी वेगाबद्दल तक्रार करी. पोहोचल्यावर तिच्या अस्तन्या तिला हव्या तशाच मुडपाव्या लागत. भाकरी कापताना तिचा हात चालत नाही असे पाहून तेरेज ती कापून देई, आणि मग हसून निघे. ही हकीकत बाईंनीच आम्हांस त्या दिवशी सांगितली, आणि सांगताना त्यात काही गमतीचा योगायोग आहे असे त्यांना वाटत असल्याचे दिसले नाही. आम्ही इंग्रजीत विचारले की, आत्याकडे रोज येण्याचे आपण काही व्रत घेतले आहे काय? त्या हसल्या आणि म्हणाल्या, “साऱ्या कॉलनीत माझ्या मुलाचे मार्क न विचारणारी ही एकच बाई आहे.”

त्यांचे यजमान आमचे वरिष्ठ होते. आमचा वार्षिक गोपनीय अहवाल त्यांच्या लेखणीतून जाई. आमच्यातील काहींना आठवत असेल, त्या काळी प्रतिकूल शेरा असेल तरच तो संबंधितास कळवीत. बाकीचे शेरे बंद पाकिटात राहत. सर्वच नोंदी कळविल्या पाहिजेत असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते २००८ मध्ये, देवदत्त नावाच्या अधिकाऱ्याच्या दाव्यात. त्याला ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता आणि बढतीला ‘फार चांगला’ हवा होता. आमचे प्रकरण तंतोतंत तसेच. १९९८ च्या आरंभी बढतीची यादी निघाली, तीत आमचे नाव नव्हते, आणि कारण म्हणजे त्या गृहस्थांनी एका वर्षी लिहिलेला ‘चांगला’ हा शब्द, असे चारआठ दिवसांत आमच्या कानी आले. कार्यालयात अशा गोष्टी भिंतींनाही माहीत असतात. हा शेरा न्याय्य नव्हता, असे आमचे तेव्हा मत होते आणि आजही आहे.

घरी चर्चा झाली. त्या घराशी जाणेयेणे पूर्ववत ठेवावे किंवा कसे, हा प्रश्न कोणत्याही मानी माणसाच्या घरी निघेल तसा आमच्याकडे निघाला. सौभाग्यवती ऐकून घेत होत्या. मग त्या म्हणाल्या, “नळाला पाणी साडेपाचलाच येते,” आणि उठून गेल्या. आत्याला यातले काहीच सांगितलेले नव्हते. बाईंना ठाऊक होते की नाही, हे आम्ही आजतागायत सांगू शकत नाही. यादी निघाली त्या सायंकाळी त्या नेहमीपेक्षा थोड्या लवकर आल्या, एवढे सौभाग्यवतींनी पाहिले. यजमान कचेरीत पूर्वी जितके बोलत तितकेच बोलत राहिले, म्हणजे फारसे नाही. आम्हीही त्यांच्याशी तितकेच बोललो.

पुढे आमची बदली ग्वाल्हेरीस झाली. गाडीत बसविताना आत्याने बाईंचा हात सोडीना, आणि अखेर गार्डाने शिटी दिल्यावर “एवढा पट्टा काय आवळतेस,” असे काही तरी असंबद्ध बोलून तिने तोंड फिरविले. ग्वाल्हेरीत नळाची वेळ पहाटेची होती, सायंकाळी सौभाग्यवती मोकळ्या असत, व्हरांडाही होता. साडेपाचला काठी वाजे, आणि सौभाग्यवती पुढे झाल्या की आत्या म्हणे, “तू नको, चेचीला बोलाव.” हे दीड वर्ष चालले. त्या दीड वर्षात आम्ही तिच्याशी या विषयावर वाद घातला नाही. सौभाग्यवती रोज आतल्या दारातून बाहेर जात, पुढच्या दाराने परत येत आणि मुकाट्याने हात पुढे करीत. आत्या बहुधा फसत नव्हती. परंतु हात धरी.

ती गेल्याचे आम्ही समोरच्या बिऱ्हाडास पत्राने कळविले. उत्तर इंग्रजीत आले, चार ओळींचे. आत्याची पितळेची तपकिरीची डबी आपल्याजवळ असल्यास पाठवावी, पत्नीला ती ठेवावीशी वाटते, असे त्यात होते. अक्षर यजमानांचे होते. आमच्या टिपणांच्या समासात ते आम्ही चार वर्षे वाचले होते, तेव्हा चूक होण्याचा संभव नाही. डबी आम्ही घासून, कापडात बांधून, रजिस्टर टपालाने पाठविली. पंधरा दिवसांनी पोच आली. तीही त्याच अक्षरात.